मुंबईतील विजेच्या ट्रामचा प्रारंभकाळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या ट्रामबद्दल बोलणे निघाले की बहुतेकांना शेवटची ट्राम आठवते. पहिलीची माहिती मात्र फार थोड्यांना असते. विजेची ट्राम मुंबईत कशी आली, तिला इतका उशीर का झाला आणि आल्यावर तिने शहरात काय बदलले, यासंबंधी वाचक जे प्रश्न नेहमी विचारतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. भर १८६५ ते १९२६ या काळावर आहे.

मुंबईत विजेची पहिली ट्राम कधी आणि कोठून सुटली?

७ मे १९०७ रोजी. बोरीबंदरासमोरील महापालिका कार्यालयापासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत ती धावली. हे अंतर एक किलोमीटरसुद्धा नाही आणि सामान्य माणूस ते दहा मिनिटांत पायी जातो. परंतु त्या संध्याकाळी मुंबईच्या रस्त्यावर घोड्याविना, वाफेविना, केवळ डोक्यावरच्या तारेतून येणाऱ्या शक्तीवर प्रवाशांनी भरलेली गाडी प्रथमच चालली. त्यानंतर जुने मार्ग टप्प्याटप्प्याने विजेवर आणले गेले आणि घोड्यांच्या गाड्या रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या.

म्हणजे त्याआधी घोड्यांच्या ट्राम होत्या?

होत्या, आणि थोड्याथोडक्या नव्हे, तेहतीस वर्षे होत्या. ९ मे १८७४ रोजी त्यांची सुरुवात झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाई आणि दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच पोहोचे. सुरुवातीचे भाडे तीन आणे होते आणि तिकीट दिले जात नसे. प्रतिसाद वाढू लागला तसे भाडे दोन आण्यांवर आणले गेले, आणि पैसे न देता प्रवास करणारेही वाढले म्हणून त्याच वर्षी तिकिटे छापावी लागली. फुकट्या प्रवाशांचा प्रश्न या शहरात सार्वजनिक वाहतुकीइतकाच जुना आहे, हे यावरून ध्यानात येईल.

खरे तर ही कल्पना आणखी जुनी आहे. १८६५ मध्येच एका अमेरिकन कंपनीने मुंबईत घोड्यांची ट्राम चालवण्याचा परवाना मागितला होता आणि तो तिला मिळालाही होता. परंतु अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले, त्या तेजीवर उभे राहिलेले मुंबईतले शेअरबाजार आणि बँका गडगडल्या, बॅकबेच्या भरावाची कंपनी बुडाली आणि त्या पडझडीत ट्रामची योजना कागदावरच राहिली. पुढे १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली, १८७४ चा ट्रामवे कायदा झाला आणि प्रत्यक्ष गाड्या चालवण्याचे काम स्टर्न्स अँड किट्रेज या अमेरिकन पेढीकडे आले. या पेढीतील जॉर्ज किट्रेज यांचे नाव मुंबईकरांनी आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवे. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्याबरोबर त्यांनी भारतीय स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर आणण्याचा निधी उभा केला, आणि त्याच प्रयत्नांतून डॉ. एडिथ पेची १८८३ मध्ये मुंबईला येऊन कामा रुग्णालयाच्या कामाशी जोडल्या गेल्या.

घोडे सोडून विजेकडे वळण्याची गरज का भासली?

घोडा हा ट्राम कंपनीच्या खर्चाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत बेभरवशाचा भाग होता. सेवा सुरू झाली तेव्हा स्टर्न्स अँड किट्रेज यांच्या तबेल्यांत सुमारे ९०० घोडे होते असे सांगितले जाते. रुळांवर चाक सहज फिरते म्हणून दोन घोडे भरलेली गाडी ओढू शकत असत. तरीही एक जोडी दिवसातून काही तासच काम करू शके, त्यामुळे एका गाडीसाठी अनेक घोडे पोसावे लागत. गाडी उभी असो की चालती असो, चंदी-गवत, मोतद्दार, नाल आणि औषधपाणी हा खर्च चुकत नसे. त्यात मुंबईचा उन्हाळा, पावसाळ्यातील निसरडे रस्ते आणि घोड्यांच्या साथीचे आजार यांची भर पडे. रस्त्यावर पडणारी लीद आणि तबेल्यांच्या आसपासची माशांची पैदास हा आरोग्याचा प्रश्न होता, आणि १८९६ मध्ये प्लेग आल्यानंतर अशा प्रश्नांकडे डोळेझाक करणे शहराला परवडणारे नव्हते.

दुसरे कारण वेगाचे आणि क्षमतेचे होते. १९०१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ होती. १९११ मध्ये ती ९,७९,४४५ झाली. गिरण्या उत्तरेकडे परळ, लालबागच्या बाजूला वाढत होत्या, तर बाजार, बंदर आणि कचेऱ्या दक्षिणेला होत्या. एवढ्या लोकांची ने-आण करण्यासाठी घोड्यांची संख्या वाढवत नेणे कोणत्याही हिशेबात बसत नव्हते.

तंत्र उपलब्ध असताना मुंबईला १९०७ पर्यंत का थांबावे लागले?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर यंत्रांत सापडत नाही. ते मालकीच्या वादात सापडते.

तंत्राची वाट आधीच मोकळी झाली होती. वर्नर फॉन सीमेन्स यांनी १८८१ मध्ये बर्लिनजवळील लिश्टरफेल्ड येथे विजेची ट्राम चालवून दाखवली होती. अमेरिकेतील रिचमंड येथे फ्रँक स्प्रेग यांनी १८८८ मध्ये सुमारे १२ मैलांच्या रुळांवर ४० गाड्यांची व्यवस्था उभी केली, आणि तीही तीव्र चढउतार असलेल्या रस्त्यांवर. डोक्यावरची तार, तिला टेकणारा दांडा, आसाशी जोडलेली मोटर आणि एकाच वीजघरावर एकाच वेळी चालणाऱ्या अनेक गाड्या हा साचा तेथे पक्का झाला. पुढील काही वर्षांत जगभरच्या शहरांनी तोच उचलला. भारतात मद्रासने १८९५ मध्येच विजेची ट्राम सुरू केली.

मुंबईत बॉम्बे ट्रामवे कंपनीने १८९९ मध्ये विजेवर गाड्या चालवण्यासाठी महापालिकेकडे अर्ज केला. मात्र १८७४ च्या कायद्यानुसार १९०१ मध्ये ट्रामवे विकत घेण्याचा महापालिकेचा हक्क लागू होणार होता. वीजघर, तारा, नवे जड रूळ आणि नव्या गाड्या यांसाठी प्रचंड भांडवल लागणार होते, आणि दोन वर्षांनी मालमत्ता हातून जाण्याची शक्यता असताना कोणताही भागधारक असे भांडवल ओतणार नाही. म्हणून महापालिकेने आपला खरेदीचा हक्क सोडून द्यावा, असे कंपनीने सुचवले. महापालिकेने ते मान्य केले नाही. उलट तिने ट्रामवे स्वतःच ताब्यात घेण्याचे ठरवले, आणि तेथून कायदेशीर अडचणींची मालिका सुरू झाली.

या विलंबाबद्दल महापालिकेला दोष देणारे अनेक जण भेटतात. आमचे मत तसे नाही. रस्ते सार्वजनिक असतात आणि त्यांवर रूळ टाकण्याचा हक्क ही शहराची मोठी ठेव असते; ती अनिश्चित काळासाठी एका खासगी कंपनीच्या पदरात टाकण्यास महापालिकेने नकार दिला, यात दूरदृष्टी होती. त्याची किंमत म्हणून मुंबईकरांना काही वर्षे अधिक घोड्यांच्या गाडीत बसावे लागले, परंतु पुढे १९४७ मध्ये हा उपक्रम शहराच्या मालकीचा होऊ शकला तो हा हक्क जपल्यामुळेच.

मग कोंडी कशी फुटली?

१९०४ मध्ये ब्रिटिश इलेक्ट्रिक ट्रॅक्शन कंपनीने शहराला वीज पुरवण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. ब्रश इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग कंपनी तिची प्रतिनिधी होती. ट्राम हा या योजनेचा एक भाग होता आणि शहराला वीज विकणे हा दुसरा. ७ ऑगस्ट १९०५ रोजी महापालिका, जुनी ट्रामवे कंपनी आणि ब्रश कंपनी यांच्यात करार झाला. त्याच वर्षी बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, तिने जुन्या ट्रामवे कंपनीची मालमत्ता ९८ लाख ५० हजार रुपयांना घेतली आणि शहरात वीज पुरवण्याचा व विजेची ट्राम चालवण्याचा एकाधिकार तिला मिळाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तयार झालेले ‘बेस्ट’ हे नाव याच कंपनीचे.

ट्राम आणि वीजपुरवठा एकाच कंपनीकडे का देण्यात आला?

कारण त्या काळी दोन्हींपैकी एकाचा स्वतंत्र जम बसणे अवघड होते. वीजघर उभारण्याचा खर्च एकदाच होतो आणि तो मोठा असतो. त्यानंतर ते दिवसभर जितके पूर्ण क्षमतेने चालेल तितकी प्रत्येक युनिटची किंमत उतरते. केवळ दिव्यांसाठी वीज विकणारी कंपनी संध्याकाळचे काही तास धंदा करी आणि बाकीचा दिवस तिची यंत्रे जवळजवळ रिकामी फिरत. ट्रामला मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत वीज लागे. तेव्हा ट्राम हे वीज कंपनीचे पहिले, सर्वांत मोठे आणि नियमित पैसे देणारे गिऱ्हाईक ठरे, आणि तिच्या आधाराने घरे, दुकाने व कारखाने यांना वीज परवडण्याजोगी होई. अनेक देशांतील शहरांनी हाच मार्ग धरला होता.

एकट्या दिव्यांचा धंदा किती कच्चा होता याचा अनुभव मुंबईने आधीच घेतला होता. १८८२ मध्ये महापालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी करार करून क्रॉफर्ड मार्केट आणि काही रस्त्यांवर विजेचे दिवे लावले होते. पुढच्याच वर्षी ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि मार्केटमध्ये पुन्हा गॅसचे दिवे लागले. १९०३ मध्ये उघडलेल्या ताजमहाल हॉटेलात विजेचे दिवे होते, पण ती वीज हॉटेल स्वतःच तयार करी. सामान्य नागरिकाला मागणी करताच घरात वीज मिळेल अशी व्यवस्था १९०५ च्या करारानंतरच शक्य झाली. १८८३ मध्ये जेथे विजेचे दिवे विझले त्याच क्रॉफर्ड मार्केटपर्यंत १९०७ मध्ये पहिली ट्राम आली, आणि या वेळी वीज टिकली ती तिच्यामागे ट्राम उभी होती म्हणून. मुंबईच्या घरांतील विजेचा इतिहास सांगताना ट्राम वगळली जाते, ही आमच्या दृष्टीने मोठी चूक आहे.

ही वीज कोठे तयार होई?

आरंभी कंपनीच्या स्वतःच्या वीजघरात. वाडीबंदर येथे ४,३०० किलोवॅट क्षमतेचे, कोळशावर आणि वाफेवर चालणारे वीजघर होते. मागणी वाढल्यावर १९१२ मध्ये माझगाव भागात कुसारा येथे दुसरे उभारण्यात आले. बंदराजवळची जागा निवडण्याचे कारण उघड आहे : कोळसा तेथेच उतरे आणि वाफ थंड करण्यासाठी लागणारे पाणीही हाताशी असे.

यानंतरचा टप्पा सह्याद्रीत घडला. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीने लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून खोपोलीला १९१५ मध्ये जलविद्युत केंद्र सुरू केले. ही वीज प्रामुख्याने कापडगिरण्यांसाठी होती. पण लवकरच ट्राम कंपनीही टाटांकडून वीज घेऊ लागली आणि १९२५ पर्यंत तिने स्वतःची वीजनिर्मिती थांबवून सगळी वीज विकत घेण्याची पद्धत स्वीकारली. म्हणजे घाटमाथ्यावर पडलेल्या पावसावर गिरगावातली ट्राम चालू लागली.

विजेची ट्राम प्रत्यक्ष चाले कशी?

तिची रचना समजायला सोपी आहे. रस्त्याच्या वर खांबांच्या आधाराने तांब्याची उघडी तार ताणलेली असे. गाडीच्या छतावर स्प्रिंग लावलेला लांब दांडा असे आणि त्याच्या टोकाचे खोबणीचे चाक त्या तारेला खालून दाबून फिरत राही. वीज तारेतून दांड्यात, दांड्यातून चालकासमोरच्या कंट्रोलरमध्ये, तेथून चाकांच्या आसांजवळ बसवलेल्या मोटरींत आणि शेवटी पोलादी चाकांतून रुळांत जाई. रूळ ती वीजघराकडे परत नेत. अशा रीतीने तार आणि रूळ मिळून मंडल पूर्ण होई. ट्रामसाठी एकदिश प्रवाह वापरत, आणि जगभर त्याचा दाब साधारण ५०० ते ६०० व्होल्ट असे.

चालक उभ्याने गाडी चालवी. कंट्रोलरची पितळी मूठ एकेक खाच पुढे सरकवली की मोटरींना अधिक वीज मिळे आणि वेग वाढे. मोटर थांबलेली असताना एकदम पूर्ण दाब दिला तर प्रवाह बेसुमार वाढून ती जळू शकते. म्हणून सुरुवातीला वाटेत रोध घालून प्रवाह आवरायचा आणि गाडीने गती घेतली की तो रोध कमी करत न्यायचा, अशी ही योजना होती. कुशल चालकाची गाडी हिसका न देता सुटे, आणि त्या कौशल्यात वीजही वाचे. दुसऱ्या हाताशी ब्रेक असे आणि पायाखाली घंटा. पावसाळ्यात ओल्या रुळांवर चाके घसरू लागली तर पकड मिळावी म्हणून रुळांवर वाळू सोडण्याची सोय ट्रामगाड्यांत असे.

मार्गाच्या टोकाला गाडी वळवण्याची गरज नसे, कारण तिच्या दोन्ही टोकांना चालकाची जागा असे. दांड्याला बांधलेली दोरी ओढून तो तारेपासून सोडवायचा, उलट दिशेला फिरवायचा आणि पुन्हा तारेला लावायचा, एवढे झाले की मागची बाजू पुढची होई.

रुळांतून वीज परत जात असेल तर पादचाऱ्यांना धक्का बसत नसे का?

नाही. रूळ जमिनीशी जोडलेले असल्यामुळे त्यांचा आणि जमिनीचा विद्युतदाब जवळजवळ सारखाच असतो, आणि धक्का बसतो तो दोन ठिकाणच्या दाबांत मोठा फरक असला तर. खरा धोका वरच्या तारेचा असे. ती तुटून खाली लोंबली तर तिला हात लावणे प्राणघातक ठरू शके.

भारतातील पहिली विजेची ट्राम मुंबईची का?

नाही, तो मान मद्रासचा आहे. तेथे १८९५ मध्ये ती सुरू झाली, आणि प्रथम वीज डोक्यावरच्या तारेऐवजी रस्त्यातील चरात बसवलेल्या वाहकातून घेतली जाई. पुढे तेथेही वरची तार आली. कलकत्त्यात २७ मार्च १९०२ रोजी एस्प्लनेड ते खिदिरपूर हा मार्ग विजेवर आला. कानपूर १९०७ चे आणि दिल्ली १९०८ ची. आपल्या नाशिकलाही ट्राम होती आणि ती नाशिकरोड स्थानक व गाव यांना जोडत असे, परंतु ती कधीच विजेवर चालली नाही.

मुंबईची लोकल आधी विजेवर आली की ट्राम?

ट्राम, जवळजवळ अठरा वर्षे आधी. मुंबईतील विजेची पहिली रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली.

ट्राममुळे शहरात काय बदलले?

प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्यांतून नवे रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. रुंद रस्त्याशिवाय ट्रामचे दुहेरी रूळ टाकता येत नाहीत आणि स्वस्त वाहनाशिवाय दूरच्या वसाहतीत कोणी राहायला जात नाही. त्यामुळे ट्रस्टचे आणि ट्रामचे काम एकमेकांना पूरक ठरले. पुढे ट्रामचे रूळ दादर आणि किंग्ज सर्कलपर्यंत पोहोचले, आणि ज्या मध्यमवर्गीय मराठी व दक्षिण भारतीय कुटुंबांनी दादर-माटुंग्याला बिऱ्हाडे थाटली त्यांच्या रोजच्या येण्याजाण्यात ट्रामचा मोठा वाटा होता.

दुसरा बदल आकड्यांत मांडता येत नाही, पण तो आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. घोडागाडी आणि व्हिक्टोरिया ही पैसेवाल्यांची वाहने होती. बाकीचे शहर पायी चालत होते. ट्रामच्या बाकावर कारकून, फेरीवाला, विद्यार्थी आणि दुकानदार शेजारी शेजारी बसले. जातपात आणि विटाळ यांचा पगडा असलेल्या त्या काळात, तिकीट घेतलेल्या प्रत्येकाला एकाच बाकावर जागा, ही गोष्ट लहान नव्हती. तिची सुरुवात घोड्यांच्या ट्रामपासून झाली असली तरी ती रोजच्या सवयीची झाली विजेच्या ट्राममुळे, कारण गाड्या वाढल्या, फेऱ्या वाढल्या आणि जास्त लोकांना त्या परवडू लागल्या.

दुमजली ट्राम केव्हा आल्या?

सप्टेंबर १९२० मध्ये. कामाच्या वेळची गर्दी पेलणे एकमजली गाड्यांना अशक्य होऊ लागले होते. रस्त्यावर आणखी गाड्या सोडल्या तर त्या एकामागे एक अडकत. तेव्हा तेवढ्याच जागेत अधिक प्रवासी नेण्याचा उपाय म्हणून दुसरा मजला चढवण्यात आला.

बस आल्यावर ट्राम लगेच मागे पडली का?

मुळीच नाही. १५ जुलै १९२६ रोजी याच कंपनीने अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सुरू केली, पण त्यानंतरही सदतीस वर्षांहून अधिक काळ ट्राम धावत राहिली. बसला रूळ लागत नाहीत, तारा लागत नाहीत, आणि मार्ग बदलायचा तर रस्ता खणावा लागत नाही. हा तिचा फायदा कंपनीने ओळखला होता. मात्र भरगच्च मार्गांवर स्वस्तात खूप माणसे नेण्याचे काम ट्रामकडेच राहिले. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी धावली.

कंपनी महापालिकेच्या मालकीची कधी झाली?

७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे १९०५ च्या करारानंतर बरोबर ४२ वर्षांनी. नावातील ‘ट्रामवेज’च्या जागी पुढे ‘ट्रान्सपोर्ट’ आले, त्यामुळे आद्याक्षरे तीच राहिली. वीज आणि वाहतूक ही १९०५ मध्ये बांधलेली जोडीही टिकली : आजही दक्षिण मुंबईतील घरांचे वीजबिल आणि शहराच्या लाल बस या दोन्हींवर बेस्टचेच नाव असते.

त्या काळातले आज काय पाहायला मिळते?

दादर पूर्वेच्या खोदादाद सर्कलला बसचे प्रवासी अजूनही दादर टी. टी. म्हणतात; टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, कारण तेथे ट्रामचे अंतिम स्थानक होते. कुलाब्यातील इलेक्ट्रिक हाउस हे बेस्टचे जुने मुख्य ठिकाण. २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराच्या वेळी डांबराखाली गाडले गेलेले ट्रामचे रूळ सापडले. बेस्टने आणिक आगारात उभारलेल्या संग्रहालयात जुनी तिकिटे, तिकीट-यंत्रे आणि ट्रामच्या प्रतिकृती जपल्या आहेत. कलकत्त्याप्रमाणे चालती गाडी मात्र मुंबईने एकही राखली नाही, याची खंत वाटते.